आबा बोलायचे

हे मी अजून कुणापाशी काढलेलं नाही. नवरा मस्कतला असतो, रोज फोनवर बोलतो आम्ही – त्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतेय? माहीत नाही.

माझे वडील, आबा – माथेरानला त्यांचा घोडा होता. पर्यटकांशी हिंदी, गुजराती, मोडकंतोडकं इंग्रजी, ज्याला जे हवं ते. तोंडाला म्हणून विश्रांती नाही. घरी मात्र आमची कळंबकडची बोली. मीही तीच बोलत वाढले. मग कॉलेज, लग्न, कर्जतचा फ्लॅट... माझं बोलणं कधी बदललं, कळलंच नाही. – खोटं कशाला बोलू? चांगलं कळत होतं. आरशासमोर उभं राहून 'आहे' घोटलं होतं मी.

आई गेल्यावर आबा दर रविवारी यायचे. माझी मुलगी ईरा तेव्हा तीन वर्षांची. "ये गं माजे बाय, घोडा काय म्हनला ठाव हाय?" असं म्हटलं की ती मांडीवर चढलीच. एकदा सोसायटीतल्या बायका आल्या होत्या, आणि ईरा ठसक्यात म्हणाली, "मला नाय पायजे!" त्या हसल्या. कौतुकानंच हसल्या असतील. पण मला – मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या गेल्यावर आबांना स्वयंपाकघरात बोलावलं. ईराची शाळेची मुलाखत आहे, म्हटलं. तिच्यासमोर तुमचं ते गावाकडचं बोलू नका.

"बरं गं बाय," आबा म्हणाले. "नाय बोलनार."

आणि ते खरंच बोलले नाहीत. यायचे, तिच्याकडे बघून हसायचे, मान हलवायचे. 'आबा, बोला हो' – एवढं म्हणायला मला काय झालं होतं? किती रविवार तसेच गेले! आणि मला बरंच वाटत होतं, हे त्याहून वाईट. तिला गावी नेणंही मी टाळत राहिले.

ईरा पहिलीत असताना आबा गेले. भिंतीवर त्यांचा फोटो लावत होते, तेव्हा तिने विचारलं, "आबांना बोलता यायचं नाही ना गं, आई?"

"नाही यायचं," मी म्हटलं.

यंदा तिसरीत तिने आजोबांवर निबंध लिहिला. 'माझे आजोबा मुके होते, पण त्यांच्या घोड्याला त्यांचं सगळं कळायचं.' मी पूर्ण वाचला. दोन वेलांट्या चुकल्या होत्या, तेवढ्या सुधारून दिल्या.