पैशाच्या पिशवीतला शंख

आमच्या मुखेडच्या बचत गटात मी सगळ्यात कमी बोलणारी, म्हणून कोकणच्या सहलीचे पैसे माझ्याच कमरेला बांधले. "ही बोलत न्हाई, मंजी खर्चत बी न्हाई," असं म्हणून जाऊबाईंनी सगळ्यांना हसवलं. गाडीभाडं, जेवण, होडी, सगळं मी वहीत मांडलं होतं. समुद्र बघायलाही तिकीट पडतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

धक्क्यावर बेटाचं प्रवेश शुल्क माणशी वेगळं निघालं. अकरा जणींचं भरलं आणि अडीनडीला ठेवलेले पैसे तिथंच संपले. उरले ते परतीच्या डिझेलचे. तिकिटाच्या खिडकीशेजारी पाटी होती. मी चौथी शिकलेली, बोट लावून वाचते. संरक्षित समुद्र. शंख, शिंपले उचलू नयेत. दंड होईल. मीच सगळ्यांना वाचून दाखवलं.

आणि बेटावर मीच शंख उचलला. माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणते मी त्यांना, दोन वर्षांपासून अंथरुणावर आहेत. निघताना त्यांनी एवढंच मागितलं होतं, "देवाजवळ ठेवायला समुद्रातला एक शंख आण." खडकातल्या डबक्यात लिंबाएवढा शंख दिसला. इकडंतिकडं बघून तो कमरेच्या पिशवीत टाकला.

परत धक्क्यावर उतरलो, तर पहारेकरी एकेकीच्या पिशव्या तपासत होता. माझ्यापुढं चौघी होत्या. तेवढ्यात पोटाशी काहीतरी खरवडलं. पिशवीत. शंखात जीव होता.

"दंड किती असंल?" मी हळूच विचारलं.

"तुला कशाला? काही चोरलंस का काय?" जाऊबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. दंड भरायचा तर पैसे सगळ्यांचे, आणि डिझेल नसलं तर घर कसं गाठायचं?

पहारेकऱ्यानं माझी खांद्याची पिशवी बघितली. "जा मावशी." बाईच्या कमरेला कोण हात लावतो? मी सुटले होते. दोन पावलं गेले. पुन्हा खरवडलं.

मागं फिरून मी कमरेची पिशवी त्याच्या टेबलावर पालथी केली. नोटांवरून शंख बारीक पायांनी चालायला लागला.

"जिता हाय, दादा. दंड माझ्या एकटीचा. हे पैसे यांचे हायत."

"मग भरणार कशातून?"

मी शंखाखालून नोटा ओढून घेतल्या.

"आरं बाबा," जाऊबाई पुढं आल्या, "ही वर्षातनं एकदा बोलती. दंड लावलास तर पुन्हा न्हाई बोलायची."

तो हसला नाही. "होडी परत बेटावर चाललीय. उचलला तिथंच ठेवून या."

दहा जणी उन्हात थांबल्या, मी एकटी जाऊन आले.

घरी सगळं सांगितलं तेव्हा आत्याबाईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं. जेवल्या नाहीत. संध्याकाळी मात्र म्हणाल्या, "चालत कसा होता गं?"

मी त्यांच्या गोधडीवर बोटं चालवून दाखवली.