कडी बाहेरून होती त्या वर्षाचे अल्बम

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर पेन धरलं ते सहीपुरतं. हे कधी कोणाच्या हाती लागलंच, तर चुका पोटात घालाव्यात.

कसालला हायवेवर आम्ही तिघं गाडीची वाट बघत उभे होतो. मी, आई आणि दादा. गुजरातेत एका बंदरावर कोळंबी सोलायचं काम होतं. ठरवलं दादाने. होडीला इंजिन घ्यायला त्याने ठेकेदाराकडून माझ्या नावावर ॲडव्हान्स उचलला होता. तो फिटेपर्यंत मी तिथे राहायचं, एवढंच मला सांगण्यात आलं. आईने माझ्या पिशवीत कोकमाची सोलं आणि कुळथाचं पीठ कोंबलं आणि म्हणाली, "कोणाक उलट बोलू नको गो. गप रवलंस की दिस जातत." गप राहणं मला न शिकवताच येत होतं.

पोचल्या दिवशी ठेकेदाराने आधार कार्ड ठेवून घेतलं. बायकांची खोली कोल्ड स्टोरेजच्या वर होती. शिफ्ट संपली की सगळ्यांना आत घेऊन बाहेरून कडी लावायचे. आमच्याच भल्यासाठी, असं म्हणायचे. खाली कॉम्प्रेसर चालायचा, तो बंद म्हणून व्हायचा नाही. खाट थरथरायची, पाण्याची बाटली थरथरायची. मोबाइलवर भजन लावलं तर टाळ तेवढे कानावर यायचे, देवाचं नाव नाही.

शेजारच्या खाटेवर नारो होती, नागालँडची. माझ्याहून लहान, बोलायला मोकळी. तिच्या मोबाइलवर वाजायचं ते मात्र कॉम्प्रेसरला पुरून उरायचं. एकदा तिने इयरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं. पहिल्यांदा वाटलं, कोणाला तरी कापतायत. मग ऐकता ऐकता ओळखीचं वाटायला लागलं. आमच्याकडे दसऱ्याला देवळातून तरंग निघतात. तरंग म्हणजे साड्या नेसवलेले देवाचे उंच खांब. ते धरणाऱ्याच्या अंगात अवसर येतो. बेंबीच्या खालून निघणारा तो आवाज, तो हाच. मी हे नारोला मोडक्या हिंदीत सांगितलं, तर ती हसून उशीवर लोळली. "दीदी, यह मेटल है, भूत नहीं!"

त्या दिवसापासून दर शुक्रवारी मेटलचे कोणते नवे अल्बम निघाले ते आम्ही एकेक कान वाटून ऐकायचो. इंग्रजी मला वाचता येत नाही, म्हणून अल्बमना मी चित्रावरून नावं ठेवली.

बकऱ्याच्या कवटीवाला नारोच्या ओळखीत सगळ्यांना आवडला. मला नाही. आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या बायका खोटा अवसर लगेच ओळखतात. खोटा माणूस पडताना जागा बघून पडतो. हा गाणारा तसाच आहे. ओरडायच्या आधी ढोल थांबतात, गिटार थांबते, सगळे बाजूला सरकून त्याला जागा करून देतात. मग तो ओरडतो. पोटात काही नाही, सगळं गळ्यात.

पाण्यात बुडालेल्या चर्चवाल्याची गाणी इतकी लांब की एका गाण्यात माझा भात शिजायचा. सावकाश, जड, पायाला चिखल लागल्यासारखी. नारोचा जीव या अल्बमवर. मला त्यातलं शेवटचं गाणं सहन व्हायचं नाही, कारण ते संपतच नाही. मला त्या वर्षी न संपणारं आणखी काही नको होतं.

वाजवणारी एक जुनी मंडळी होती, बऱ्याच वर्षांनी परत आलेली. नारोच्या मोबाइलवरच्या ग्रुपात सगळ्यांनी त्यांना पहिला नंबर दिला. मी म्हटलं, हा गावच्या मानकऱ्याचा नारळ झाला. काम काही करू दे, नारळ पहिला त्यालाच. नारोने ते तसंच ग्रुपात लिहिलं आणि त्याच ग्रुपातल्या तिच्या भावाने म्हणे दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं.

कीबोर्डवाला एक गोड अल्बम होता, रॉकच. लग्नाचा बँड दारावरून जावा तसा. कपडे धुवायला चांगला.

आणि काळ्या केसांची. चित्रात बाईचा चेहरा नाही, फक्त केस. हा आवाज बाईचा आहे हे मी पहिल्यांदा मानलंच नाही. नारोने व्हिडिओ दाखवला तेव्हा पटलं. लहानखुरी, माझ्याएवढीच. तोंड उघडलं की मागचे चार बाप्ये नुसते वाजवण्यापुरते. मधलं हळू गाणं तिने घ्यायला नको होतं, तिथे ती लोकांना बरं वाटावं म्हणून गायली आहे. तरी पहिला नंबर तिचा.

"सोच के बोलो दीदी, चर्च वाला नहीं?"

"नहीं. यही."

नारो रुसली, मग माझ्या वाटणीची सुकी मासळी खाऊन खुश झाली. मला काय वाटतं हे मला आधी कोणी कधी विचारलं नव्हतं. आणि विचारल्यावर मला इतकं काही वाटत असेल, हे मलाही माहीत नव्हतं.

आईचा फोन यायचा तेव्हा मागे तेच वाजत असायचं. "गो, कोणाच्या आंगात इला काय थंय?" ती विचारायची. मी हसायची. कडीबद्दल मी तिला सांगितलं नाही. राहण्याचे, जेवणाचे, हातमोज्यांचेसुद्धा पैसे पगारातून कापत, म्हणून ॲडव्हान्स लवकर हलत नव्हता, तेही नाही.

वर्ष सरता सरता ॲडव्हान्स एकदाचा संपत आला. तेव्हा ठेकेदार खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. हातात फोन, स्पीकर चालू. "तेरा भाई और एक साल का माँग रहा है. दे दूँ?"

फोनमधून दादा बोलला. "एका वरसाचो प्रश्न आसा गो. इंजिनाचा काम निघाला."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"नको."

"क्या बोली?"

"मेरे नाम पे कुछ नहीं देना."

"आणि मी गावात काय तोंड दाखवू?" दादा ओरडला.

"तुजा तोंड, तू दाखय."

नारो पांघरुणात तोंड खुपसून हसली. ठेकेदाराने फोन बंद केला आणि माझ्याकडे बघितलंही नाही. दादाने मग आईलाही फोन करू दिला नाही. तिने शेजारणीच्या फोनवरून केला. पैशांचं काही विचारलं नाही. जेवलंस काय, एवढंच.

नारोचे पैसे अजून फिटायचे आहेत. मी सुटले, ती तिथेच आहे. शुक्रवारी काय आलं ते पाठवते, मी माझी मतं पाठवते, आमचं अजून चर्चवाल्यावरून भांडण चालू आहे.

घर म्हणजे काय, असं आता मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, जिथे माझ्या नावावर कोणी काही उचललेलं नाही अशी जागा. ती समुद्राकाठच्या आमच्या अंगणात सापडेल की नाही, मला ठाऊक नाही. शिमग्याच्या आधी शेवटची कपात झाली. ठेकेदाराने माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि कार्ड टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. पैसे फिटले. सगळे.