भाव चढला की वेचा

गुंतवणुकीवर वाचण्यासारखं पुस्तक कोणतं, असं ओळखीचे लोक मला अजून विचारतात. ज्याचं नाव एकदा अशा पुस्तकावर छापून आलं, त्याला त्यातलं काहीतरी कळत असणार असा त्यांचा समज आहे. मी चहा मागवतो आणि विषय बदलतो.

नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. सुरतेत शेअर्सचा ताप असा चढला होता, की आमच्या गल्लीतला न्हावी गळ्यावर वस्तरा ठेवून सल्ला द्यायचा आणि गिऱ्हाईक अर्थातच नाही म्हणत नसे. मी तेव्हा स्टेशनजवळ एका गुजराती प्रकाशकाकडे पार्सलं बांधायला होतो. शेठची पुस्तकं पातळ आणि उपयोगाची: उपवासाचे पदार्थ, हस्तरेषा, मूळव्याधीवर घरगुती उपाय. वारा बघून त्यांनी शेअर्सवरही एक काढलं. नावात 'घरबसल्या' आणि 'लखपती' हे दोन शब्द होते, मधले आठवत नाहीत. लिहिलं होतं उपवासाच्या पदार्थांच्याच लेखकाने, त्यामुळे सल्लाही थोडं थांबा, ढवळत राहा, रंग आला की उतरवा अशा चालीचा होता. मागच्या पानावर कोट घातलेल्या तज्ज्ञाचा फोटो होता. तो शेठचा साडू. नातेवाइकांत कोट त्याच्या एकट्याकडे होता. शेठ स्वतःचे पैसे पोस्टात ठेवायचे.

पुस्तक धडाक्यात खपलं. मग शेठच्या ध्यानात आलं, की लिंबायतपासून पर्वत पाटियापर्यंत निम्मी वस्ती आमच्या खानदेशी माणसांची आहे आणि लखपती व्हायचा हक्क त्यांनाही आहे. एका सकाळी त्यांनी पुस्तक माझ्यापुढे टाकलं.

"तुं मराठी छे ने? आठ दहाडामां करी आप."

मी मराठी होतो यात शंका नव्हती. घरात अहिराणी, शाळा गुजराती, मित्रांत हिंदी. लेखी मराठीशी माझा संबंध लग्नपत्रिकांपुरता. तरी आठ दिवसांत मी पुस्तक मराठीत उतरवलं, आणि त्या घाईत एक शब्द तसाच राहून गेला. गुजरातीत 'वेचवुं' म्हणजे विकणं. दुकानात दिवसभर तोच शब्द कानावर पडायचा, अक्षरंही तीच, तेव्हा हात अडखळलाच नाही. मी लिहिलं, 'भाव चढला की वेचा.' पुढच्या पानावर जाड अक्षरात लिहिलं, 'भाव पडू लागला तर विचार न करता सगळं वेचा.' छापण्याआधी तपासायला जे गृहस्थ होते त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी काना-मात्रा पाहिल्या आणि पुस्तक शुद्ध ठरवलं.

ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी व्यक्ती माझ्या माहितीत एकच, माझी वहिनी. ती गावाकडे पाचवी शिकलेली. दादा बारा तास लूमवर, ती घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची. एका खोलीत आम्ही सातजण, म्हणून तिची सहा वर्षांची मुलगी गावी आजीकडे ठेवलेली होती. वहिनी पैसे साठवत होती ते एका खोलीसाठी. पर्वत पाटियाच्या पुढे, मोरीसकट. खोली झाली की पोर येणार, हे तिने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. दिराने लिहिलेलं पुस्तक म्हणून ती रोज दुपारी डिंकाची बोटं पुसून दोन पानं वाचायची आणि मला वर, "भाऊ, कितलं सोपं लिखं तुम्ही," असंही म्हणायची. मी फुगून जायचो. मूर्खपणाला त्या वयात फार जागा असते.

वाचून झाल्यावर तिने एका कापडगिरणीचे शेअर घेतले. एसटीडी बूथशेजारी एक शेअरवाला बसायचा, त्याच्यामार्फत. आणि बाजार त्या दिवसांत असा होता, की डोळे मिटून हात घातला तरी भाव वाढायचा. वहिनीचाही वाढला. मला काळजी वाटली म्हणून मी विचारलं,

"वहिनी, भाव चढलाय. वेचताय ना?"

"वेचस ना भाऊ," ती हसून म्हणाली. "दर हप्ताले वेचस."

मी खूश, ती खूश. जिने लहानपणी ओटीत कापूस वेचला त्या बाईला वेचणं म्हणजे काय हे मी काय शिकवणार होतो! दर आठवड्याला टिकल्यांची मजुरी घेऊन ती शेअरवाल्याकडे जायची आणि आणखी शेअर गोळा करून आणायची. तो का सांगेल? खरेदी काय, विक्री काय, त्याची दलाली तेवढीच. एका रविवारी ती मला खोली दाखवायला घेऊन गेली. मोरी होती, खिडकीसुद्धा होती. त्या दिवसाच्या भावाला तिने शेअर विकले असते तर खोली घेऊन वर पोरीला नवा फ्रॉक आला असता. "खोली लेसू आनि पोरले लई येसू," असं ती वाटभर म्हणत होती. मी मान डोलवत होतो.

मग भाव पडले. पडले म्हणजे रोज, न चुकता. मोठमोठे लोक डोक्याला हात लावून बसले, आणि वहिनी जाड अक्षरातलं वाक्य वाचून विचार न करता वेचत राहिली. खोलीसाठी बाजूला ठेवलेले शेवटचे पैसेही तिने त्यात घातले. शेअरचा तो कागद जेव्हा कोणी घेईना, तेव्हा ती पुस्तक उघडून माझ्यापुढे आली. रागाने नव्हे. आपलंच काही वाचायचं राहिलं का, हे विचारायला.

"पुस्तकमा लिखेल शे तसंच कयं भाऊ. चढना तव्हय वेचं, पडना तव्हय बी वेचं."

मी तिच्या बोटाखालचा शब्द पाहिला आणि तेव्हा कुठे मला तो मराठीत कळला. त्या क्षणी खरं बोललो असतो तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. मी म्हणालो, छपाईची चूक आहे, तिथे 'विका' असं हवं होतं. तिला ते लगेच पटलं. आपल्या माणसाची चूक असेल हे तिच्या मनात यायला जागाच नव्हती. शेठना मी चूक दाखवली, तर ते म्हणाले, आता कोण वाचतंय, आणि उरलेल्या प्रती मूळव्याधीच्या पुस्तकावर फुकट देऊन टाकल्या.

खोली चार वर्षांनी झाली. टिकल्यांवर झाली. आधी पाहिलेल्या खोलीपेक्षा लहान, खिडकी नसलेली, पण मोरी होती. दादा गावी जाऊन मुलीला घेऊन आला. ती आता दहा वर्षांची होती, दोन वेण्या घातलेली, उंच. वहिनीने सकाळपासून शेवया करून ठेवल्या होत्या. मुलगी चप्पल काढून दारातच उभी राहिली आणि आईकडे न बघता म्हणाली,

"तुम्हना घरमा पानी कोठे शे?"

अहिराणी घरात मुलं आईला तू म्हणतात. वहिनीने माठ दाखवला, तांब्या दिला आणि बाहेर येऊन पायरीवर बसली. मी शेजारी बसलो. मला ते सहन झालं नाही. चार वर्षं जिभेवर घेऊन हिंडत होतो ते सगळं बोलून टाकलं. छपाईची चूक नव्हती वहिनी, तो शब्द मी लिहिला होता. मला मराठी येत नव्हतं आणि मला ते कबूल करायचं नव्हतं.

 ती शिव्या देईल असं वाटलं; दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग आते हाई तिले सांगा," ती म्हणाली. "तिले वाटस, मायनी माले टाकी दिन्हं."

मी उठून आत गेलो. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून तिने पाय जवळ घेतले आणि पाहुण्याला करून देतात तशी बसायला जागा करून दिली.