गोमाशिओतलं मीठ

ही गोष्ट सांगायची मी अनेक वर्षं टाळली. परवा मुलाकडे पाहुणे जेवायला आले होते. बोलता बोलता तो म्हणाला, "आमची आई चोरून लोणचं खायची. डॉक्टरांनी पकडलं तिला." सगळे हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो. हसलो म्हणून आता लिहायला बसलोय.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं जपानात, हिगाशी-कसाईला मुलाकडे राहायला आलो. हिला रक्तदाब. मीठ कमी करा, असं इथल्या डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या जपानी आजींकडून ही गोमाशिओ करायला शिकली. भाजलेले तीळ आणि मीठ, बाकी काही नाही. पंधरा चमचे तिळाला एक चमचा मीठ. आतून खाचा असलेल्या मातीच्या खलात ती ते हलक्या हातानं रगडायची. जोर दिला की तेल सुटतं आणि सगळं गोळा होतं. स्वयंपाकातलं मीठ जवळजवळ बंद झालं. ज्यानं त्यानं पानात बरणीतला गोमाशिओ भुरभुरायचा. तिळाच्या खमंगपणात मीठ कमी आहे हे कळतच नाही, असं ती म्हणायची. मला कळायचं.

दोनदा कुरकुर केली. "जिभेला वळण लावा आता," एवढंच उत्तर मिळालं. मग एका सकाळी ती कचरा ठेवायला खाली गेली असताना मी बरणीत दोन चमचे मीठ घातलं आणि बरणी हलवून ठेवली. पुढे प्रत्येक नव्या बरणीत तेच. औषधांनी तिच्या तोंडाची चव गेली होती, तिला पत्ता लागला नाही. तीही त्याच बरणीतून घेते, हे मला माहीत होतं. एवढ्याशानं काय होतंय, असं मी मनाला सांगत राहिलो.

इथे लघवी तपासून पोटात रोज किती मीठ जातं याचा अंदाज काढतात. आकडा फार वर गेला होता. डॉक्टरांचं बोलणं मुलानं मराठीत सांगितलं आणि वर विचारलं, "आई, खरं सांग. लोणचं खातेस ना चोरून?"

"नाही रे. लोणच्याच्या बरणीला हातसुद्धा लावला नाही."

मी शेजारच्याच खुर्चीत होतो. म्हणालो, "अगं, खाल्ली असशील एखादी फोड."

घाबरून मी मीठ घालणं थांबवलं. पुढच्या तपासणीत आकडा उतरला. मुलगा तिला म्हणाला, बघ, चोरी थांबली की कसा फरक पडतो. घरी आल्यावर तिनं हळूच मला विचारलं, "अहो, मी खात असेन का? आणि नंतर आठवत नसेल?" तिच्या आईची स्मृती म्हातारपणी गेली होती.

"वयात होतं असं," मी म्हणालो.

त्यानंतर गॅस बंद केला का, हे ती मला तीनतीनदा विचारू लागली. भाजीत काय घातलं हेही विचारायची. मी शांतपणे उत्तरं द्यायचो.

दोन वर्षांनी न्यूमोनियानं ती गेली. आदल्या दुपारी हॉस्पिटलात आम्ही दोघंच होतो. मी खुर्ची पुढे ओढून म्हणालो, "ऐक ना, एक सांगायचंय."

तिनं दचकून डोळे उघडले. "काही विसरले का मी?"

"नाही. झोप तू," मी म्हणालो.

मीठ मी घालत होतो, तुझं डोकं शाबूत आहे, मला माफ कर. एवढंच म्हणायचं होतं.