माझ्याच स्थळाचा ट्रंक कॉल

मला बघायला आले तेव्हा मी पाठमोरी बसले होते. लाजून नव्हे. टेलिफोन एक्स्चेंजचा बोर्ड भिंतीला लावलेला होता आणि ड्युटीवरच्या ऑपरेटरने बोर्डाकडे पाठ करायची नाही असा नियम होता. त्यामुळे मुलाच्या आत्याने मुलगी पाहिली ती वेणीच्या बाजूने.

साठ सालानंतरची गोष्ट. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. श्रीवर्धनच्या पोस्टाच्या मागच्या खोलीत एक्स्चेंज होतं आणि दिवसाची पाळी माझी. नेमका त्याच दिवशी दुसरा ऑपरेटर तापाने आडवा पडला. मंडळी तर पहाटेच पालीहून एसटीने निघालेली. आई रडकुंडीला आली. शेवटी पोस्टमास्तर म्हणाले, "इथेच बघू द्या." दारावर 'परवानगीशिवाय आत येऊ नये' अशी पाटी होती. तिच्यावर त्यांनी आपला कोट टांगला आणि म्हणाले, "आता दिसत नाही." सरकारी अडचण इतक्या झटपट सुटलेली मी पुढे कधी पाहिली नाही.

आता हा बोर्ड काय प्रकार होता ते सांगायला हवं, कारण दोन माणसांच्या बोलण्यात मधे एक बाई बसलेली असायची हे हल्ली कुणाला खरं वाटत नाही. गावात ज्याच्या घरी फोन, त्याच्या नावाचं बोर्डावर एक भोक आणि त्यावर एक छोटी पितळी झडप. त्याने घरी फोनची दांडी फिरवली की इथे झडप पडायची आणि घंटा वाजायची. मग मी दोरीच्या टोकाची पिन त्या भोकात घालायची, "नंबर?" म्हणून विचारायचं, दुसरी पिन हव्या त्या भोकात घालायची आणि तिकडे घंटा द्यायची. घंटा वाजली की हातातलं काम असेल तिथे सोडायचं. दोन झडपा एकदम पडल्या तर आधी पोलीस आणि दवाखाना, बाकीचे मागाहून. बाहेरगावचा ट्रंक कॉल गावातल्या बोलण्याच्या आधी. त्यातही साधा, अर्जंट आणि सगळ्यांच्या डोक्यावर पाय देऊन येणारा लायटनिंग. हे सगळं करताना सोडलेलं काम कुठे सोडलं ते लक्षात ठेवायचं आणि परत येऊन त्याच शब्दापासून उचलायचं. खरं कसब एवढंच. पिना काय, माकडही घालील.

त्यात सहा नंबर म्हणजे एक पीडा होती. तो बर्फाच्या कारखान्याचा. खाऱ्या हवेने त्याची झडप सैल झाली होती आणि खोलीत कुणी जोरात पाय टाकला तरी पडायची. दुसरा ऑपरेटर तिच्याखाली काडेपेटीतली काडी खोचून ठेवायचा. मी आल्याबरोबर ती उपसून फेकायची. उद्या कारखान्यात खरंच काही फुटलं तर काडी फोन घेणार होती का? यावरून आमची भांडणं व्हायची आणि मी ती मनापासून करायची.

तर आत्या आत आली आणि सहा नंबर पडला.

"नंबर?" मी म्हटलं.

"कसला नंबर?" आत्या म्हणाली. ती खुर्चीत बसली. सहा नंबर पुन्हा पडला. मी पुन्हा, "नंबर?" पलीकडे कुणीच नाही. मी पिन काढली. आत्या अंगाने भक्कम होती आणि एका जागी स्वस्थ बसणं तिला ठाऊक नव्हतं. बर्फाच्या कारखान्याने महिन्यात केले नसतील तेवढे फोन तिने तासाभरात केले.

मुलाचे वडील वारलेले. आई शेतात चिखलणी करताना पाय मुरगळून घरी बसलेली. म्हणून बघायला आली होती ती त्याची आत्या, आणि स्वतः तो. बोर्डाच्या वर भिंतीवर घड्याळ होतं आणि त्याच्या काचेत मागची खोली दिसायची. मी माझा नवरा पहिल्यांदा पाहिला तो मिनिटकाट्याच्या मागे. खोपोलीला कारखान्यात मशीनवर होता. गुडघ्यावर टोपी ठेवून बसलेला. त्याचे कान लाल झाले होते.

आईने पोहे फिरवले आणि आत्याने सुरुवात केली.

"शिक्षान?"

"मॅट्रिक."

"भाकऱ्या येतात का थापायला?"

तेवढ्यात घंटा. डॉक्टरांना एसटी डेपो हवा होता आणि डेपोची लाइन कालपासून बंद. "लागत नाही," मी म्हटलं.

"आं? भाकरी लागत न्हाय?"

आई घाईघाईने म्हणाली, "ती फोनला म्हणाली हो." पण आत्याचा चेहरा काचेत मला दिसला. तिने ते मनात टिपून ठेवलं होतं.

"तोंडाला कशी हाय?" आता तिने आईलाच विचारलं. आई काही बोलणार तोच मासळीच्या व्यापाऱ्याची झडप पडली. मुंबईची लाइन मोकळी होईना म्हणून तो माझ्यावर खेकसला. मला राग चटकन येतो, तो तेव्हाही आला. मी मोठ्याने म्हटलं, "सकाळपासून चालूच आहे, मधे बंदच होत नाही, मी तरी काय करू?"

पोस्टमास्तरांना ठसका लागला आणि ते पाणी प्यायला बाहेर गेले.

मग आत्याने मूळ मुद्दा काढला. "ह्यो फोनचा धंदा लगीन झाल्यावं सोडायला लागंल. आमच्यात बाया सरकारी खुर्चीत बसत न्हाईत." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि घंटा वाजली. फोन जोडून दिला, तिने परत विचारलं, परत घंटा. तिसऱ्यांदा तर मी "आत्या, मी..." इथपर्यंत पोचले होते. काचेत मला आई दिसली. ती माझ्या वतीने मान हलवत होती, होकाराची. अंगाचा तिळपापड झाला, पण कानात कुणीतरी फौजदारसाहेब मागत होतं.

तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. "ती घंटा बंद करता येते का?"

"येते," मी म्हटलं. "पण करायची नसते."

"बरोबर हाय," तो म्हणाला. "मशीनची पन तशीच असते." आणि परत टोपीकडे बघायला लागला.

मला तो आवडला. सरळ सांगते, फार आवडला. त्याआधी येऊन गेलेल्या एकाने विचारलं होतं की पगार घरी देतेस का. दुसऱ्याने काहीच विचारलं नव्हतं, फक्त पोहे खाल्ले होते. खोपोलीला एक्स्चेंज होतं, बदली मागता आली असती, मी मनातल्या मनात अर्जाचा मजकूरही जुळवला. पण नोकरी सोडायची हे मला मान्य नव्हतं. त्या खुर्चीत मी कुणाची मुलगी नव्हते की कुणाची सून होणार नव्हते. सबंध गाव माझ्या दोन हातांतून एकमेकांशी बोलत होतं आणि ते मला येत होतं. मला तो हवा होता आणि बोर्डही हवा होता, आणि यातलं एकही अक्षर मी अजून बोलले नव्हते.

मंडळी उठली. सहा नंबर पडला.

त्यांना दुसरंही एक स्थळ सांगून आलेलं होतं आणि त्या लोकांना त्याच दिवशी संध्याकाळी होय-नाही कळवायचं होतं. म्हणून ठरलं होतं असं की मुलाच्या आईने पालीला भाताच्या गिरणीत फोनजवळ येऊन बसायचं आणि आत्याने श्रीवर्धनहून तिला ट्रंक कॉल करून काय ते सांगायचं. बेत उत्तम होता. त्यात एकच गंमत होती. श्रीवर्धनहून जाणारा प्रत्येक कॉल माझ्या हातातून जायचा, हे आत्याच्या डोक्यात आलंच नाही. नुकतीच तासभर तिने माझी पिना घालणारी पाठ पाहिली होती, तरीही. तिच्या लेखी मुलगी ती मागच्या खोलीतली, आणि फोन म्हणजे हे भिंतीवरचं काळं यंत्र.

सार्वजनिक फोन पोस्टाच्या पुढच्या खोलीत होता. मधे एक भिंत. आत्याचा आवाज मला दोनदा यायचा, आधी भिंतीतून आणि मग कानातल्या यंत्रातून.

"ओ ऑपरेटरबाई, पालीची गिरन जोडा लवकर!"

मी माणगावच्या एक्स्चेंजला सांगितलं, माणगावने पुढे, आणि बऱ्याच वेळाने पाली आली. पण लाइन अशी की तव्यावर तेल तडतडतंय. मधे बसलेल्या मला दोघींचं कसंबसं ऐकू येत होतं, त्यांना एकमेकींचं काहीच नाही. अशा वेळी ऑपरेटरने इकडचं वाक्य तिकडे आणि तिकडचं इकडे सांगायचं, असाच रिवाज होता.

"तुम्ही मला सांगा," मी म्हटलं, "मी पुढे सांगते."

"सांगा वयनीला, पोरगी बघितली."

"मुलगी बघितली," मी पालीला सांगितलं.

"रंगानं सावली हाय."

"रंगाने सावळी आहे."

"नाक बरं हाय."

"नाक बरं आहे." हे मी जरा मोठ्याने सांगितलं.

"पन डोक्यात कायतरी बिघाड असंल. कोन नसलं तरी बोलते. नंबर नंबर करते."

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. एक शब्द गाळला असता तरी कुणाला कळलं नसतं. वाटलं, म्हणावं, मुलगी गोरीपान आहे, गप्प गप्प असते आणि भाकऱ्या चांदासारख्या थापते. पण ते जमेना. सवय इतकी मुरली होती की जे कानातून आलं तेच तोंडातून गेलं. "डोक्यात काहीतरी बिघाड असेल," मी सांगितलं. "कुणी नसलं तरी बोलते. नंबर नंबर करते."

पालीहून आवाज आला, "कसला नंबर?"

"वहिनी विचारतात, कसला नंबर?"

"मला काय म्हाईत! आनि सांगा, भाकरी लागत न्हाय म्हनते."

तेही सांगितलं. घाम पुसला. आई माझ्या शेजारी रिकाम्या बशा धरून उभी होती आणि मी बोलत होते त्या एकेका वाक्यावर कपाळाला हात लावत होती.

मग पालीहून तो प्रश्न आला. "नोकरी सोडंल का, ते इचारलंव का तिला?"

मी तो इकडे सांगितला. भिंतीतून आत्याचा आवाज ठणठणीत आला, "व्हय म्हनाली!"

"हो म्हणाली," मी पालीला सांगितलं. आणि मग, नोकरीत पहिल्यांदाच, जे कानातून आलं नव्हतं ते तोंडातून गेलं. "मुलगी म्हणते, मी तसं म्हटलेलं नाही."

तडतड थांबल्यासारखी वाटली. आणि नेमकी तेव्हाच माणगावची ऑपरेटर मधे घुसली. "मुंबईहून लायटनिंग आहे. लाइन सोड."

आमच्याकडे ट्रंकची लाइन एकच. लायटनिंग म्हटल्यावर बोलणारा कोण आणि काय बोलतोय हे बघायचं नसतं. "थांबा," एवढंच मी म्हटलं आणि माझ्या लग्नाची पिन माझ्या हाताने उपसली.

लायटनिंग होता कुणा साहेबांचा, विश्रामगृहाच्या खानसाम्याला. पापलेट ताजं असेल तरच कर, नाहीतर कोंबडी. खानसाम्याला ऐकू येईना, म्हणून तेही मलाच सांगावं लागलं. "पापलेट ताजं आहे का?" "हाय." "साहेब, आहे." "किती मोठं?" मी त्या पापलेटची लांबी मुंबईला कळवत होते आणि भिंतीपलीकडून आत्या ओरडत होती, "वयनी! ओ वयनी! मेली का काय!" माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं. इतका वेळ कोण थांबतं? चांगली शिकलेली माणसं लाइन तुटली की रिसीव्हर आपटतात आणि मग आम्हाला शिव्या घालतात. मी मनात ते स्थळ सोडून दिलं होतं.

साहेबांचं कोंबडीवर ठरलं. मी माणगावला म्हटलं, पाली परत दे. पिन घातली.

"हाय मी," लगेच आवाज आला. "'मी तसं म्हटलेलं नाही', हितवर आलतं. बोल पुढं. आनि तू कोन बोलतेस?"

मला हुंदकाच फुटला. ही बाई हातात रिसीव्हर धरून बसली होती आणि तिने तो शब्द तसाच, जिथे सोडला तिथे, माझ्यासाठी धरून ठेवला होता.

"मुलगी," मी म्हटलं.

"आसं व्हय! मंग मघाधरनं तूच सांगतेस, सावली नि डोक्यात बिघाड?"

"हो."

ती एवढी हसली की मुरगळलेला पाय दुखला असावा, कारण मधेच "आई गं" म्हणाली. मग विचारलं, "नोकरी सोडायची न्हाय ना तुला?"

"नाही."

"नि पोरगा?"

"आवडला."

"काय म्हनते वयनी?" भिंत दणाणली.

मी आवाज नेहमीचा केला आणि आत्याला सांगितलं, "वहिनींनी मुलीला विचारलं. मुलगी म्हणते, मुलगा पसंत आहे, नोकरी सोडणार नाही." मग पालीला विचारलं, "पुढे काय सांगू?"

"सांग वन्संना, आमचं ठरलं. बदलीचं बघू."

मी सांगितलं. आईच्या हातातली बशी खाली पडली आणि फुटली. माझं लक्ष घड्याळाकडे गेलं तर वेळ भरलेली. नियमाप्रमाणे विचारणं भाग होतं.

"तीन मिनिटं झाली," मी म्हटलं. "कॉल वाढवायचा आहे का?"

"वाढव," पालीहून आवाज आला. "वन्संचं झालं. आता मला माझ्या सुनेशी बोलायचंय."