पाच-नऊ-नऊ

बाबांना ऐकू कमी येतंय हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, एकट्या बाबांना सोडून. आई आतून जेवायला हाका मारून मारून दमायची आणि शेवटी ताट घेऊन बाहेर यायची, तर हे म्हणायचे, "अगं, एक हाक तरी मारायचीस." आई कपाळावर हात मारून घ्यायची. मला मात्र संताप यायचा. ज्या माणसाची सारी हयात कानांवर गेली, त्याने कानांबद्दलच थापा माराव्यात?

बाबा रेल्वेत तारबाबू होते. नोकरीपायी परभणीकडून सिकंदराबादेला आले आणि नल्लकुंट्यात भाड्याने राहिले ते राहिलेच. ते निवृत्त झाले तेव्हा गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ उघडले होते, गच्च्यांवरून केबल टीव्हीच्या काळ्या वायरी लोंबायला लागल्या होत्या, आणि तारेचं कौतुक कोणाला उरलं नव्हतं. पण बाबांकडे हौशी रेडिओचं लायसन होतं, आणि गच्चीवरच्या खोलीत त्यांनी स्वतः जोडलेला सेट. पाण्याच्या टाकीपासून शेजारच्या नारळापर्यंत ताणलेली तांब्याची तार ही आमची एरियल. तारेच्या कट्ट-कड्ड मोर्स लिपीची कळ दाबून दाबून बाबा तिच्यावरून जगाशी बोलायचे. मलाही त्यांनीच शिकवलं. जामबागेतल्या शाळेतून शिकवून आले की मी चहाचा कप घेऊन थेट वर जायचे.

हवेवर मला फार बरं वाटायचं. जमिनीवर कुठेही जा, खोली बघायला जा की नोकरी मागायला, माणसं आधी आडनाव विचारतात, आणि ते ऐकलं की त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. हवेवर आडनाव नसतं. चार-पाच अक्षरांचा कॉलसाइन, तोच आपला पत्ता आणि तेच आपलं घराणं.

दर वर्षी थंडीच्या तोंडाशी मोर्सची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा असायची. शनिवारी पहाटे सुरू, सोमवारी पहाटे बंद. जितके देश आणि जितकी माणसं गाठाल तितके गुण. त्या वर्षी बाबांनी आधीच जाहीर केलं, "यंदा नीट जमलं तर ठीक. नाहीतर सेट मलकपेठवाल्याला देऊन टाकतो." मलकपेठवाले म्हणजे त्यांचे रेडिओवालेच मित्र. सोमवारी ते ऑटो घेऊन येणार, हेसुद्धा ठरलं. आई म्हणाली, "बरं होईल, पापड वाळवायला खोली मोकळी होईल." आणि आत जाऊन डोळे पुसत बसली. सेट गेला तर या माणसाचा दिवस कसा सरणार, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

शनिवारी पहाटे गच्चीवर धुकं होतं. बाबांनी हेडफोन चढवले, मी दुसरा जोड चढवला आणि डोळे मिटले. आधी नुसती खरखर, दूर कुठेतरी कोणी तांदूळ पाखडत असल्यासारखी. मग तिच्यातून एकेक सूर वर यायला लागला, कोणाचा पातळ, कोणाचा जाड, कोणाचा थरथरता. सूर्य सरकेल तसे देश उघडत जायचे. सकाळी जपान, ऑस्ट्रेलिया, दुपार कलली की रशिया, मग युरोप. मी नल्लकुंट्यात लाकडी खुर्चीवर बसलेली, आणि माझ्या कानात कुठे बर्फ पडत असेल, कुठे कोणी घोंगडी पांघरून कळ दाबत असेल. झोप आणि जाग यांच्या मधोमध मी कुठेतरी तरंगत असायचे. खालच्या भाजीवाल्याची आरोळीसुद्धा परदेशातून आल्यासारखी वाटायची.

स्पर्धेत गप्पा नसतात. एकमेकांचा कॉलसाइन घ्यायचा, मग पाच-नऊ-नऊ, मग आपल्या विभागाचा आकडा, की पुढचा. पाच-नऊ-नऊ म्हणजे तुमचा सिग्नल मला खणखणीत ऐकू येतोय. येत असो वा नसो, स्पर्धेत सगळे हेच सांगतात. पंगतीतून उठताना वरण खारट असलं तरी "झकास झालं" म्हणतो ना, तसं. आणि कॉलसाइनच्या पहिल्या अक्षरांवरून देश कळतो, विभागाचा आकडा बहुतेक देशावरूनच. म्हणजे देश ओळखता आला की बाकीचं न ऐकताही उतरवून घेता येतं.

एक जपानी मात्र दर वर्षी रविवारी दिवेलागणीला हटकून यायचा. पाच-नऊ-नऊपलीकडे दोघांत कधी अक्षर झालं नाही, तरी बाबा त्याला "आपला जपानी" म्हणायचे. "हात बघ त्याचा," म्हणायचे. प्रत्येकाची कळ दाबायची लकब वेगळी असते. हा शेवटचा ठोका जरा लांबवायचा, पाहुणा दारात रेंगाळावा तसा.

शनिवारी दुपारी बाबांचं बिंग फुटलं. एका स्टेशनला, म्हणजे पलीकडच्या रेडिओवाल्याला, त्यांनी पाच-नऊ-नऊ दिलं आणि ते पुढे गेले. पण तो माणूस गेलाच नव्हता. माझा कॉलसाइन चुकवलात, पुन्हा घ्या, असं परत परत सांगत होता. माझ्या कानात त्याचं आर्जव स्पष्ट येत होतं, आणि बाबा खुशाल दुसऱ्याला हाका मारत होते.

मी हेडफोन काढून आपटले. "बाबा, तो बोलतोय ना अजून!"

"कोण?" बाबा म्हणाले.

"कोण काय कोण! वर्षभर घसा फोडून सांगतेय, कान दाखवा, कान दाखवा. ही काय आंधळी कोशिंबीर चाललीय तुमची?"

बाबांनी हेडफोन हळूच टेबलावर ठेवले. "माय," ते म्हणाले, "बारीक आवाज सगळे गेले गं. तू बस आता." कबूल केलं की मला बरं वाटेल अशी माझी समजूत होती. कसलं काय, काळीज तुटलं माझं.

रविवारी मी चालवत होते आणि बाबा शेजारी नुसते बसून होते. दुपारी घरमालक धाडधाड वर आले. "क्या साब, पिक्चर में लकीराँ आरैं! हीरो की मुंडीच नै दिखरी!" आमची कळ दाबली की त्यांच्या नव्या केबलवर रेघा उमटायच्या. केबलवाल्याने जोड ढिले ठेवलेले, पण सांगणार कोणाला? त्यांचं बोलणं ऐकायला मी हेडफोनची वायर उपटली, तशी सगळी हवा स्पीकरमधून भसकन बाहेर आली. स्पीकरच्या खोक्यावर पाण्याचा स्टीलचा गिलास होता, तो झणझणायला लागला. बाबांनी तो उचलायला हात लावला आणि हात तिथेच राहिला.

"जपान," बाबा म्हणाले. "कोणी जपानी हाक मारतोय."

खरंच मारत होता, संथ हाताने. घरमालक एकदा गिलासाकडे, एकदा बाबांकडे बघत राहिले, आणि "क्या लोगाँ हैं" म्हणत उतरून गेले.

मी स्क्रूड्रायव्हर आणला. स्पीकरच्या तोंडावरचं कापड काढलं, बटण फिरवून सूर होईल तितका घोगरा केला आणि बाबांचं बोट आतल्या कागदी पडद्यावर टेकवलं. संथ हात असला तर त्यांना अक्षर कळायचं. पण स्पर्धेत संथ कोण असतो? भराभर येणारं सगळं त्यांच्या बोटाखालून निसटत होतं. दोनदा त्यांनी बोट काढून घेतलं. "राहू दे," म्हणाले.

दिवेलागणीला आपला जपानी आला. बाबांनी मला उठवलं, स्वतः कळीपाशी बसले आणि डाव्या हाताचं बोट पडद्यावर ठेवलं. त्याचं पाच-नऊ-नऊ आणि आकडा सर्रकन येऊन गेला. मला दिसलं, बाबांना काही कळलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानेच गप्प केलं. देतील पाच-नऊ-नऊ, मला वाटलं.

बाबांनी पाठवलं, एक-एक-नऊ.

मी हादरले. एक-एक-नऊ म्हणजे, तुमचं मला जवळजवळ काहीच कळत नाही. स्पर्धेत असं कोणी कधी सांगत नाही. पलीकडे शांत झालं. गेला, मला वाटलं. एकेका क्षणाची मारामार, कोण कोणासाठी थांबतो?

मग तो आला. हळू, अगदी हळू, एकेक अक्षर सुटं करून. कॉलसाइन पुन्हा, आकडा पुन्हा, आणि परत पुन्हा. त्याला हाका मारणाऱ्यांची मागे झुंबड उडाली होती, तरी तो हलला नाही. बाबांचे ओठ अक्षरामागे अक्षर पुटपुटत होते. शेवटी त्याने पाठवलं, "सॉरी. माझा सिग्नल कमजोर आहे. सॉरी." आणि शेवटचा ठोका लांबवला.

"त्याला वाटलं, त्याचंच कमी पडतंय," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि बोट अजून पडद्यावरच होतं.

बाबांनी त्याचे आभार मानले. अंधारून आलं होतं. उद्या सेट न्यायला येतील म्हणून मी स्पीकरचं कापड परत बसवायला घेतलं.

"ते राहू दे तसंच," बाबा म्हणाले. "आणि मलकपेठला फोन कर. म्हणावं, ऑटो नको, नुसते चहाला या."