तांब्यावरची वेल

माझ्या नवऱ्याच्या हातून आजवर तालुक्यातल्या किती बायकांची नावं गेली असतील, याची मोजदाद नाही. हे वाक्य मी पाहुण्यांसमोर असंच टाकते आणि त्यांचे चेहरे बघत बसते. चहाचे दोन घोट होऊ देते. मग सांगते, की आमचं कर्जतला भांड्यांचं दुकान आहे आणि लग्नाची भांडी नाव घातल्याशिवाय आमच्याकडून हलत नाहीत. मामाकडून सप्रेम भेट, मावशीकडून सप्रेम भेट, वर्गमैत्रिणींकडून सप्रेम भेट. नाव नसेल तर भेट दिली हे कळणार कुणाला? आणि आपली परात जावेच्या घरी जाऊन बसली, तर ती आपली आहे हे सांगणार कोण?

नावं आमचे हे घालायचे. पेनाएवढं विजेचं यंत्र, टोकाला सुई. बटण दाबलं की सुई भुंग्यासारखी गुणगुणायची. मांडीवर गोणपाटाची घडी, घडीवर भांडं, आणि हे थेट लिहायला लागायचे. आधी पेन्सिलीची खूण नाही, रेघ नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "रेघ मारून घ्या की, वाकडं जाईल." हे म्हणायचे, "रेघ मारायला मी काय पहिलीत हाय का?"

गेल्या लग्नसराईत त्यांच्या नावांना वेल फुटली.

आधी एकच पान आलं, शेवटच्या अक्षराखाली. मग आडव्या रेघेवरून एक तणावा निघाला. उन्हाळा सरता सरता नावाच्या भोवती सगळी वेलच झाली. गिऱ्हाइकं खूश. एका गवळ्यानं तर दुधाच्या किटलीवर वेल मागितली. मी म्हटलं, "का हो, म्हशीला नक्षी लागते का?" तो म्हणाला, "तसं न्हाई वैनी, डेअरीत किटल्या बदलत्यात. येलीवरनं माझी वळखू येईल."

मीही कौतुक केलं. चाळिशी ओलांडल्यावर माणसाला कला सुचते, असं शेजारणीला सांगितलं. मग एक दिवस घरातला नवा तांब्या घासताना माझा अंगठा त्या वेलीवरून फिरला आणि थांबला. एका पानाखाली सुईचा ओरखडा होता. दुसऱ्या पानाखालीही होता. मी तांब्या उन्हात नेला. जिथं जिथं रेघ घसरली होती, तिथं तिथं पान होतं.

मग मला बाकीचंही दिसायला लागलं. भर वैशाखात हे कपाला दोन्ही हात लावून चहा पीत होते. शर्टाची बटणं माझ्याकडे पाठ करून लावत होते. बोलता बोलता उजवा हात खिशात जात होता. सुई थरथरते ती वेगळी, हात थरथरतो तो वेगळा. दुकानात बसून मला आवाजावरून फरक कळायला लागला.

 

मी बोलले नाही, पण डाव रचला. त्यात माझा हातखंडा आहे. मोबाईलवर लेझर मशीनचे इतके व्हिडिओ बघितले की स्वप्नात लाकडं कापायला लागले. एवढं कळलं की आमच्यासारख्या दुकानाला दोन जातींतली एक निवडावी लागते. एका जातीत काचेची नळी असते. ती लाकूड, अॅक्रिलिक, चामडं झकास कापते, पण स्टीलवर तिचा किरण नुसता पडून जातो. दुसरी जात फायबरची. ती धातूवर लिहिते, पण लाकडाची फळी तिला कापत नाही. मी काचेच्या नळीवर बोट ठेवलं. का, तर तिला भांडी येत नाहीत म्हणून. मशीन दारावरच्या पाट्या करील, शाळेच्या ट्रॉफ्या करील, आणि भांडी ह्यांचीच राहतील. मी गल्ल्यावर असते. भांड्यावर नाव मागणाऱ्यातल्या निम्म्यांना गोड बोलून पाट्यांकडे वळवीन. हात जेवढा चालेल तेवढा चालेल, आणि त्याबद्दल कुणाला काही बोलावं लागणार नाही. असा बेत.

"पाट्या कोन घेतंय?" हे म्हणाले.

"सगळे. गावाचं, रस्त्याचं नाव बदललं की पाट्या बदलाव्या लागतात. आपल्या जिल्ह्याचंच बघा."

"आन् शिंगणापूरवाल्यानं मागितली तर? दारच न्हाई तिथं. पाटी ठोकायची कुठं?"

"भिंतीला!" मी म्हटलं. हे हसले. मला वाटलं, जिंकले.

एसटीनं नगरला गेलो. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तिकीट मागताना तोंडातून नगरच निघालं. ह्यांच्या हातात कापडी पिशवी होती. काय आहे विचारलं, तर "काय न्हाई."

मशीनच्या दुकानातला पोरगेला विक्रेता टाय लावून उभा होता. त्यानं अॅक्रिलिकचा मोर कापून दाखवला. पिसाऱ्याच्या डोळ्यांसकट. मी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच. तेवढ्यात ह्यांनी पिशवीतून स्टीलचा तांब्या काढला आणि काचेच्या टेबलावर उपडा केला. मूठभर तांदूळ घरंगळले.

"काका, हे काय?"

"रिकामं भांडं आमी दुकानाभाईर काढत न्हाई. ह्याच्यावर नाव घालून दाखवा."

"ह्या मशीनवर स्टील होत नाही," मी घाईनं म्हटलं.

"होतं ना मॅडम!" विक्रेत्याला मशीन खपवायचं होतं. त्यानं तांब्यावर काळा फवारा मारला, वाळवला, मशीनमध्ये ठेवला. बाहेर काढून पुसला, तर काळी कुळकुळीत अक्षरं. जे मशीन भांडी करत नाही म्हणून निवडलं, ते भांडी करत होतं.

"घासणी आहे का?" मी विचारलं.

"काय मॅडम?"

"घासणी! भांडं काय देव्हाऱ्यात ठेवतात?"

शेजारच्या चहावाल्याकडून तारेची घासणी आली. मी पदर खोचला आणि त्या गुळगुळीत फरशीच्या दुकानात, एसीखाली उभी राहून तांब्या असा घासला, की दोन गिऱ्हाइकं बघायला थांबली. अर्धी अक्षरं घासणीवर आली. "बघा!" मी तांब्या उंच धरला. "निघालं! निघालं की नाही?"

हे माझ्याकडे बघत होते. "एवडी खूश का झालीस?" ते म्हणाले.

मी घासणीत अडकलेला काळा चुरा झटकायला लागले.

मग ते विक्रेत्याकडे वळले. "धातूचं दुसरं असतं ना? ते दाखवा."

ते आतल्या खोलीत होतं. छोटं, दिसायला अगदीच गरीब. तांब्याची दुसरी बाजू किरणाखाली धरली, अर्ध्या मिनिटात नाव आलं. ह्यांनी घासणी माझ्या हातात दिली. मी घासलं. मनापासून घासलं. एक मात्रा हलली नाही. पण ह्यांनी तांब्या डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "कडंची दोन अक्षरं फिकी हायेत."

"बघा, नाहीच जमत," मी म्हटलं.

"तांब्याला पोट असतंय. पोट वळलं की किरण लांब पडतो. भांडं फिरवायचं काय असंल ह्याला."

"रोटरी आहे काका. वेगळी घ्यावी लागते." विक्रेता आता त्यांच्याशी जरा अदबीनं बोलत होता.

"अहो, पण आपल्याला पाट्यांचं घ्यायचंय," मी म्हटलं. "भांड्यांना तुम्ही आहात की!"

ह्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि त्या काचेच्या टेबलावर ठेवला. सांडलेल्या तांदळांच्या शेजारी. कित्येक महिन्यांत तो हात मी असा मोकळा बघितला नव्हता. काचेवर बोटांचा बारीक आवाज येत होता.

"मला कंप हाय, साहेब," ते विक्रेत्याला म्हणाले. "डाक्टरला दाखवलंय. जीवाला धोका न्हाई म्हनला, पर बारीक काम सोडा म्हनला. आमच्या दुकानात भांडी येत्यात. तवा भांड्याचंच मशीन पायजे."

जे मला सांगितलं नाही ते त्या टायवाल्याला सांगितलं. डॉक्टरला दाखवल्याचंही मला तिथंच कळलं. मी तांदूळ गोळा करायला लागले. एकेक दाणा.

परतीच्या एसटीत मिरजगाव आलं. तेव्हा मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तुला ठावं हुतं."

"तुम्हाला काय माहीत मला माहीत होतं ते?"

"वैशाखात मी कप दोनी हातांनी धरला आन् तू काय बोलली न्हाईस. तू!" ते खिडकीबाहेर बघून म्हणाले. "एरवी चार गावांना सांगितलं असतंस."

मशीन आलं. जोडायला आलेल्या माणसानं कॉम्प्युटरवर नक्ष्या दाखवल्या. नाना तऱ्हेच्या वेली होत्या. हे म्हणाले, "येल नको. साधं नाव." आता ते अक्षर निवडतात, तांब्याच्या पोटावर नाव कुठं बसेल ते बोटानं दाखवतात, झाकण लावतात आणि बटण दाबतात. बटण दाबायला कंप आड येत नाही. जुनी सुई गोणपाटाच्या घडीत गुंडाळून फळीवर ठेवली आहे. मी ती हलवत नाही.

परवा एक बाई धाकट्या लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला आल्या. थोरलीच्या भांड्यांवर वेल होती, तशीच हवी होती. हे म्हणाले, ती नक्षी बंद झाली.

"अवो, एवढं मशीन आनलं आन् एक पान येत न्हाई व्हय त्याला?"

"न्हाई येत, ताई," हे म्हणाले. "त्याची रेघच चुकत न्हाई."

मी आत पराती पुसत होते. पुसून झालेली परात मी पुन्हा पुसायला घेतली.